कानबाई थांबत थांबतच जाते

अक्का,

तुझ्या तेराव्याची पंगत उठली आणि दाजी माझ्याशेजारी येऊन बसले. हातावर पाणी घेतलेलं, पंच्याने बोटं पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "बापू, तू तिला चालवलीस."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. तुझं लग्न झाल्यापासून तुझ्या नवऱ्याने मला लावून बोललेलं हे पहिलंच वाक्य. ते वाक्य मी बरोबर घेऊन आलो. धुळ्याला येऊन मी शाळेत जायला लागलोय, मुलांना फुलाचे भाग शिकवतोय, पण डोकं अजून तुझ्या पोटऱ्यांतच अडकलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तर, माणूस गेल्यावर लोक रडतात, तू त्याच्या शिरा मोजत बसलास."

रडलोही. पण तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मला कळल्याशिवाय नीट रडताही येत नाही.

सुरुवात कुठून झाली, तेच शोधतोय. मला वाटतं, आम्ही सगळ्यांनी मिळून तुला बसवलं तिथून. तुझ्या घरी नळ आला, विहिरीवरचे खेटे संपले. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी निघाली, जातं जिन्याखाली गेलं आणि त्याच्यावर पापडांचा डबा बसला. मग तुझ्या सुरेशचं लग्न झालं. निर्मला शिरपूरची, कामाला वाघीण. तिने पहिल्याच आठवड्यात तुझ्या हातातली कळशी काढून घेतली. "आई, आता तुम्ही बसा." दाजी कौतुकाने म्हणाले, "आयुष्यभर राबली, आता बसून खाऊ दे." आणि मी धुळ्याहून वेताची आरामखुर्ची एस.टी.च्या टपावर टाकून जळगावला घेऊन आलो. एरंडोलपर्यंत मला धास्ती, की दोरी सुटून खुर्ची रस्त्यावर पडते की काय. तुला तीत बसवलं तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या. आपल्याकडे सासूला मान द्यायचा म्हणजे तिला जागेवरून उठू द्यायचं नाही, आणि तिच्या ताटात तूप वाढताना हात आखडायचा नाही. आम्ही दोन्ही गोष्टी मनापासून केल्या. त्यात कुणाचाच दुष्टावा नव्हता, यानेच मला जास्त त्रास होतो.

तू खुर्चीत बसलीस खरी, पण तुझं तोंड आंबलेलं होतं. मला वाटलं, सवय नाही म्हणून. मग त्या श्रावणात तू मला जे सांगितलंस ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. नागपंचमी होऊन गेली होती, रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती, तू गहू निवडत होतीस. तू म्हणालीस, "बापू, आता मला कुठल्याच रविवारची भीती नाही."

मी म्हणालो, "बरं झालं." आणि चहा प्यायलो.

पारोळा मागे पडल्यावर गाडीत मला उमगलं, तू काय सांगत होतीस. सूर्य डोक्यावर, गाडीत बिड्यांचा धूर, आणि मी एकटाच खिडकीशी लाजेने तापलेला. लहानपणापासून मी पाहत आलो होतो. माहेरी पाहिलं, मग तुझ्या सासरी पाहिलं. कानबाईचा रविवार जवळ आला की तू गप्प व्हायचीस. तुझ्या तारखा नेमक्या त्याच दिवसांत आल्या तर तुला मागच्या पडवीत गोणपाटावर बसावं लागे. मग नैवेद्याच्या रोटाचे गहू जाऊ दळणार, देवी जाऊ सजवणार, आणि डोक्यावर घेऊन पाण्याला नेणार तीही जाऊच. तू पडवीतून ओरडून सगळं सांगायचीस, "डाळ भाजली का? नथ डाव्या बाजूला!" जाऊ म्हणायची, "हात लावायचा नाही म्हणजे तोंडही लावायचं नाही, वहिनी." त्यावर तू म्हणालीस, "तोंडाला कसला आलाय विटाळ?" आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. मी तेव्हा मॅट्रिकला असेन. मला वाटलं होतं, तूही हसते आहेस.

म्हणजे तुझी पाळी गेली तेव्हा तू पहिल्यांदा मोकळी झाली होतीस. देवी आता दरवर्षी तुझीच. आणि नेमकं त्याच वर्षी आम्ही तुला म्हणालो, बस. तू एकदाच चिडून बोललीस, "आता कुठे माझी अडचण गेली, तर तुम्ही सगळे अडचण होऊन बसलात."

मी विज्ञान शिकवतो, अक्का. माणसाच्या शरीराचा धडा आला की तो एक भाग मी मुलींना घरी वाचायला सांगतो आणि खडू झटकतो. तुझ्याशीही मी तेच केलं. तुझ्या पायांविषयी, भाकरीविषयी, वजनाविषयी आपण तासन् तास भांडलो. पण पाळी गेल्यावर तुला कसं वाटतं, अंगात काय बदललं, हे मी एकदाही विचारलं नाही. भावाने विचारायचं नसतं. मग कुणी विचारायचं असतं, हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

तुझ्या पायांचं मला कळलं ते बाजारात. दोन वर्षांनी असेल. मी जळगावला आलो की आपण संध्याकाळी भाजीला जायचो. तू तेव्हा जड झाली होतीस, पण चाल झोकातली होती. फक्त थोडं गेलं की थांबायचीस. आधी भांड्यांच्या दुकानासमोर. "शेटजी, ही परात कितीला?" शेटजी किंमत सांगायचे, तू मान हलवायचीस, जरा वेळ परात वाजवून बघायचीस, आणि पुढे. मग बांगड्यांचं दुकान. मग घोंगड्यांचं. ऐन वैशाखात तू घोंगड्याची ऊब विचारलीस तेव्हा मी वैतागलो. "अक्का, घ्यायचं नाही तर विचारतेस कशाला?"

तू म्हणालीस, "तुले काय समजस? बाजार असाच बघायचा असतो."

परतीच्या वाटेवर तू पुन्हा त्याच परातीची किंमत विचारलीस, आणि तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुझं लक्ष परातीकडे नव्हतंच. एका हाताने तू फळकूट धरलं होतंस आणि ओठ मिटले होतेस. जरा वेळाने ओठ सैल झाले, तशी तू परात खाली ठेवलीस आणि चालायला लागलीस. मी विचारलं, "कुठे दुखतं?" तू म्हणालीस, "कुठे नाही." मग चार पावलं गेल्यावर, "पोटऱ्या. चाललं की वळतात, थांबलं की सुटतात. तुझ्या दाजींना सांगू नकोस. ते मला खुर्चीला बांधून ठेवतील."

किती दिवस तू दुकानदारांना परातींच्या किमती विचारत होतीस, देव जाणे.

अर्थात दाजींना कळलंच. त्यांनी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्क, सज्जन माणूस. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, संपूर्ण विश्रांती. जिना नाही, जड उचलणं नाही. सगळेच डॉक्टर तसं सांगतात. कानबाई डोक्यावर घेण्याचा विषय तिथेच संपला, असं दाजींनी जाहीर केलं. तू जेवली नाहीस त्या दिवशी. भूक नाही म्हणालीस, आणि तुला भूक नसणं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

धुळ्याला आमच्या शाळेजवळ एका तरुण डॉक्टरने दवाखाना काढला होता. मुंबईहून शिकून आलेला, रोगी कमी, वेळ भरपूर. मी त्याच्याकडे जाऊन बसायला लागलो. माझ्यासाठी म्हणून गेलो आणि तुझंच बोलत राहिलो. त्याला मी लाजत लाजत विचारलं, की बाईची पाळी जाण्याचा आणि पायाच्या शिरांचा काही संबंध असतो का. कारण तू मला एकदा निर्मलाच्या आडून सांगितलं होतंस. "मामांना विचार, दर महिन्याला जे रक्त जायचं ते आता आतच राहतं, म्हणून तर नसा भरत नसतील?" निर्मला हे सांगताना पदरात तोंड घालून हसत होती, पण मला प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही.

डॉक्टरही हसला नाही. तो म्हणाला, "तसं नाही, पण तुमच्या बहिणीने बोट बरोबर जागेवर ठेवलंय. पाळी आहे तोवर बायकांच्या रक्तवाहिन्यांना काहीतरी राखण असते. ती गेली की काही वर्षांत त्या पुरुषांच्या रांगेत येऊन उभ्या राहतात. राखण कशाची, ती कशी काम करते, हे आम्हालाही अजून नीट उलगडलेलं नाही."

राखण. मला तो शब्द फार आवडला. एस.टी.त बसून तुला सांगायला आलो.

तू ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे जिच्यामुळे पडवीत बसावं लागायचं, तीच राखत होती?"

"असं दिसतं."

"मग सांगून तरी जायचं." आणि तू इतकी हसलीस की निर्मला स्वयंपाकघरातून बघायला आली.

डॉक्टरचं बाकीचं म्हणणं तुला तितकं आवडलं नाही. तूप कमी, मीठ कमी, लोणचं-पापड सणापुरते. आणि चालायचं. पोटरी वळेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं. रोज. मोठी वाहिनी चोंदली असली तरी शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि रक्त वळसा घालून पोचतं, असा त्याचा हिशेब होता. चालण्याचं तुला लगेच पटलं. आपण पांझरेकाठची माणसं, पाट तुंबला की पाणी बाजूच्या बारीक चारीतून कसं वाट काढतं ते आपण शेताच्या फडात रोज पाहिलेलं. तू म्हणालीस, "पण चारीत पाणी सोडावं लागतं. बसून राहिलं तर चारी गवताने भरते." हे मी डॉक्टरला सांगितलं, तर तो पुढे ते इतर रोग्यांना सांगायला लागला.

तुपावरून मात्र आपण भांडलो. त्या दिवशी वरण-बट्टी होती. मी तुझ्या ताटातली तुपाची वाटी उचलली.

"ठेव ती."

"अक्का, डॉक्टर म्हणाला..."

"तुपाशिवाय बट्टी म्हणजे दगड. डॉक्टरला दगड चावायला बोलाव. माझ्या सासूने जन्मभर तूप खाल्लं, नव्वदीची होऊन गेली."

"तुझी सासू मरेपर्यंत शेतात जात होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन यायची."

तू वाटीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि सावकाश म्हणालीस, "मग मी दुसरं काय सांगतेय इतके दिवस?"

दाजी पानावरून उठून गेले. तुला उत्तर सापडलं होतं आणि मला अडकवायची संधीही. सौदा तिथेच ठरला. तूप तू सोडशील, निदान बोट बुडण्याइतकं करशील, रोज चालशील, आणि श्रावणात तुला कानबाई डोक्यावर घेऊ द्यायची, हे दाजींना मी पटवायचं.

मी पटवलं, अक्का. हे मी लपवत नाही. दाजी म्हणत होते, "वाटेत काही झालं तर?" मी शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "काही होत नाही." मला तसं ठाऊक नव्हतं. मला फक्त तसं हवं होतं. थोडं तुझ्यासाठी, आणि खरं सांगायचं तर थोडं हे बघण्यासाठीही, की चारीतून पाणी पोचतं का. तुझ्या पायांवर मी माझं कुतूहल चालवत होतो की काय, हा प्रश्न मला आता आंघोळ करताना, वर्गात हजेरी घेताना, कुठेही येऊन गाठतो.

तू मात्र त्या श्रावणात कशी दिसत होतीस! रोटाचे गहू गिरणीत टाकायला तू ठाम नकार दिलास. जिन्याखालून जातं काढलं, निर्मलाला समोर बसवलं, दोघींनी खुंटा धरला. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. मी गमतीने म्हणालो, बायकांच्या नावाची मूठ का नाही? तू म्हणालीस, "बायकांच्या नावाचं दळण." आणि घाम पुसलास. त्या रोटातला तुकडाही मला मिळायचा नव्हता, मी दुसऱ्या कुळाचा. मी नुसता वास घेत उंबऱ्याशी बसलो होतो.

सोमवारी सकाळी देवी निघाली. तू हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली कानबाई. मेहरूणच्या तलावापर्यंत जायचं. मी मागे दोन हात मोकळे ठेवून चाललो होतो, तोल गेला तर पाट धरायला. दाजी माझ्याही मागे, काळे ठिक्कर पडलेले. पहिलं वळण आलं आणि मी दोन्ही हात वर पाटाजवळ नेले. बाजारातल्या हिशेबाने तुझी पोटरी इथे वळायला हवी होती.

आणि वाजंत्री थांबली. पहिल्या दारातली सुवासीण आरती घेऊन बाहेर आली. बायकांनी फुगड्यांचा फेर धरला. तू पाट डोक्यावर घेऊन उभी, ओठ मिटलेले. फुगड्या संपेपर्यंत ओठ सुटले. तू चाललीस. मग पुढचं दार, पुन्हा आरती, पुन्हा फुगड्या. मी इतकी वर्षं ही मिरवणूक पाहत होतो, पण कानबाई थांबत थांबतच जाते हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. डॉक्टरने सांगितलेलं चालणं हेच. पोटरी वळेपर्यंत चाल, थांब, सुटली की पुन्हा चाल. ही चाल कुणा बाईने बसवली, तिच्या पायांत काय होतं, कोण जाणे. कदाचित कुणाच्याच नसेल. पण मला तसा विचार करायला आवडतं.

तलावाच्या काठावर पाट उतरवल्यावर तू माझ्याकडे वळलीस. म्हणालीस, "हात खाली घे आता. अवघडले असतील."

तिथून पुढे, दिवाळीनंतरही, सगळं चांगलं गेलं. मी आलो की तू लांबचे लांब पल्ले सांगायचीस. पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, स्टेशनरस्त्याला लागले. थोडी फुशारकी मी त्यातून वजा करायचो. मार्गशीर्षात एका दुपारी तू त्याच वेताच्या खुर्चीत बसून सुपातली मेथी निवडत होतीस. निर्मला पाणी घेऊन आली तर सूप मांडीवर, आणि तू नाही.

तार मिळाल्यावर मी आधी त्या डॉक्टरकडे गेलो, मग स्टँडवर. लाज वाटते सांगायला, पण गेलो. विचारलं, "मी तिला चालवलं नसतं तर?" त्याने पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "ज्या वाहिन्या पायात चोंदतात त्याच हृदयातही चोंदतात. चालून ते झालं असेल असं मला वाटत नाही. चालल्याने लांबलं असेल, असं वाटतं. पण गुरुजी, तुम्हाला खात्री हवी असेल तर ती माझ्याकडे नाही." तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटत नाही.

हेच दाजींना सांगायचं म्हणून तेराव्यानंतर मी दोन दिवस थांबलो. जमलं नाही. निघालो तेव्हा ते चपला घालून माझ्याबरोबर आले, स्टँडपर्यंत पोचवायला. बाजार लागला. भांड्यांच्या दुकानासमोर दाजी थांबले.

मला वाटलं, दम लागला. पण ते नुसते उभे होते, परातींच्या थप्पीकडे बघत. म्हणाले, "पायाला सवय झालीय. इथं थांबायचं."

"तुम्ही तिच्याबरोबर चालायचा?"

"मग काय एकटी सोडणार? रोज सकाळी. तुला सांगायचं नाही म्हणाली होती. मास्तर लगेच माझीही नाडी बघेल म्हणे."

शेटजी गल्ल्यावरून उठून आले. हात जोडले, तुझ्याविषयी दोन शब्द बोलले. मग दाजींना म्हणाले, "अक्का दिवाळीपासून थांबतच नव्हत्या इथं. मी हाक मारायचो, अक्का, आज परातीचा भाव नाही विचारला? तर चालता चालताच म्हणायच्या, शेटजी, आता फुकट दिली तरी थांबणार नाही."

दाजी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "मी थांबायचो. ती पुढे निघून जायची. मला गाठता यायचं नाही, बापू."

अक्का, यातून तुझ्या हृदयाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दाजींच्या वाक्यातून मी सुटलो असंही नाही. आम्ही पुढे स्टँडवर गेलो, त्यांनी मला खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि तो विषय त्यांनी मागे घेतला नाही, मीही काढला नाही. पण गाडी एरंडोलच्या रस्त्याला लागली तेव्हा मला तू दिसत होतीस, दुकानावरून न थांबता जाणारी, मागे वळून न बघता शेटजीला उत्तर देणारी. आणि तुझ्या मागे उपरणं सावरत धापा टाकणारे दाजी.

पाणी पोचलं होतं, अक्का. पायापर्यंत तरी पोचलं होतं.